बिघडलेली चिप आणि वजाबाकीची वही



आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. विषय आहे जुन्या व्हिडिओ गेमच्या बोर्डावरची एक बंद पडलेली चिप. तुम्ही म्हणाल, याचा आणि आपल्या वर्गाचा काय संबंध? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण ही चिप शोधता शोधता, माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल मी नोंदवहीत लिहिलेला शेरा मला खोडावा लागला. म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. बारावीनंतर डी.एड. केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. त्यामुळे जे मला कळलं तेवढंच, मला कळलं तशा भाषेत सांगतो.

मामाचं दुकान

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ माझ्या मामाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. साधारण १९९६ ते २००३. एक रुपयाचं नाणं टाकायचं, एक डाव खेळायचा. पोरांची सगळी झुंबड 'मुस्तफा'वर असायची. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. पण आपल्याकडे तो त्यातल्या एका हिरोच्या नावानेच ओळखला जायचा. कोपऱ्यात एक जुना पॅक-मॅन होता. तोंडाची उघडझाप करत ठिपके खाणारा पिवळा गोळा आणि त्याच्या मागे लागलेली चार भुतं. जपानच्या नामको कंपनीने तो १९८० मध्ये काढला. मामाने तो मुंबईहून कुठूनतरी जुना आणला होता. गर्दी नसेल तेव्हा मामा स्वतः तो खेळायचा.

पुढे घरोघरी टीव्हीला जोडायचे गेम आले, मग मोबाईल आले, दुकान बंद पडलं. पॅक-मॅनचं लाकडी खोकं मामाच्या माळवदावर गेलं.

दोन वर्षांपूर्वी मामाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात राहिला. डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा, व्यायाम करा. मामा रबरी चेंडू दाबून दाबून कंटाळला. दिवाळीच्या सुट्टीत मी भेटायला गेलो तर म्हणाला, "गुरुजी, वर तो गेम पडलाय बघ. लावून दे ना. हा चेंडू नको बाबा आता."

पॅक-मॅनला बटणं नाहीत. एकच दांडी, चारच दिशा. म्हणजे एका हाताने खेळता येतो. मामाने विचार करूनच सांगितलं होतं. मी 'हो' म्हणून बसलो.

आवाज आहे, चित्र नाही

खोकं खाली उतरवलं. मॉनिटर जुन्या काचेच्या टीव्हीसारखा. त्याच्या मागच्या भागात फार मोठा विद्युतदाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ साठून राहू शकतो. त्यामुळे तिकडे मी हात घातला नाही, ते गावातल्या टीव्ही मेकॅनिककडून बघून घेतलं. मी फक्त बोर्ड घेतला.

बोर्डाची कड जिथे जोडणीत बसते तिथे काळपट थर आला होता. तो साध्या खोडरबरने घासून काढला. पाच व्होल्टचा पुरवठा मल्टिमीटरने तपासला, तो ४.६ वर आला होता. नीट ५ वर केला. बटण दाबलं. स्क्रीन लागली.

आणि मामा हसला, कारण नाणं टाकल्याचा तो ओळखीचा आवाज आला. पण चित्र बघून त्याचं हसू गेलं. भुलभुलैयाच्या भिंतींचा नुसता काला झालेला. रस्ते तुटलेले. आणि गंमत म्हणजे पिवळा गोळा आणि भुतं मात्र व्यवस्थित पळत होती. दिसत नसलेल्या रस्त्यांवरून, अगदी बरोबर वळत होती.

म्हणजे आत गेम चालू होता. प्रोसेसरला भिंती कुठे आहेत ते पक्कं माहीत होतं. फक्त ते बाहेर दिसत नव्हतं.

बोर्डावर काय काय असतं

या बोर्डावर झेड-८० नावाचा प्रोसेसर आहे. बाकी डझनावारी छोट्या काळ्या चिप. त्यातल्या बऱ्याचशा म्हणजे बाजारात नंबर सांगून मिळणारा माल. हार्डवेअरच्या दुकानात जसे आपण "अर्ध्या इंचाचा नट द्या" म्हणतो तसं. अशी एक साधी चिप आहे ७४००. चौदा पायांची, आत चार सारखे दरवाजे. प्रत्येक दरवाजाला दोन प्रश्न येतात, ० किंवा १. दोन्ही १ आले तरच उत्तर ०, नाहीतर उत्तर १. बस्स, एवढंच तिचं काम. ही चिप आजही मिळते.

पण काही चिप कंपनीने फक्त स्वतःसाठी बनवून घेतलेल्या असतात. त्यांना कस्टम चिप म्हणतात. अनेक साध्या चिपचं काम एकीत बसवलं की बोर्ड लहान होतो, खर्च वाचतो. दुसरा फायदा असा की नक्कल करणाऱ्याला ती चिप दुकानात मिळत नाही आणि तिच्या आत काय आहे हे कुठे लिहिलेलं नसतं. पॅक-मॅनच्या बोर्डावर अशा दोन आहेत, २८४ आणि २८५ नंबरच्या. अशी चिप चाळीस वर्षांनी गेली तर? कंपनी ती बनवत नाही, दुकानदाराने ती कधी पाहिलेलीही नसते. जुन्या गेमचे कितीतरी बोर्ड जगभर एवढ्याच कारणाने मेलेले पडून असतात. बाकी सगळं ठीक, एक चिप गेलेली.

आलेखाच्या कागदावर

मी तिसरीचा मास्तर. मला जे येतं तेच मी केलं. आलेखाचा कागद घेतला आणि स्क्रीनवर काय दिसतंय ते चौकोन चौकोन उतरवून काढलं.

पॅक-मॅनची स्क्रीन आडवे २८ आणि उभे ३६ अशा चौकोनांची असते. २८ गुणिले ३६, म्हणजे १००८ चौकोन. प्रत्येक चौकोनात कोणता तुकडा काढायचा त्याचा क्रमांक मेमरीत ठेवलेला असतो. ही मेमरी म्हणजे १०२४ खणांचं कपाट समजा. मधल्या भुलभुलैयासाठी खण उभ्या स्तंभांनी लावलेत. एका स्तंभात ३२ चौकोन, असे २८ स्तंभ, म्हणजे ८९६ खण. सर्वांत वरच्या दोन आणि सर्वांत खालच्या दोन ओळींसाठी मात्र खण आडवे लावलेत. ओळीला ३२ खण, त्यातले २८ दिसतात. चार ओळींचे १२८. झाले १०२४. आहे की नाही चौथीच्या गणिताएवढं सोपं?

आता स्क्रीन चित्र काढताना म्हणते, "मला अमुक जागेचा तुकडा हवा." ती जागा कपाटात कितव्या खणात आहे, हा पत्ता काढून देण्याचं काम या दोन कस्टम चिपपैकी एक करते. पोस्टमनसारखी. आणि तिची जोडीदार प्रोसेसर आणि चित्राची मेमरी यांच्यामधली रहदारी सांभाळते, कारण कपाट एक आणि त्यात हात घालणारे दोघे.

पत्ता जातो तारांवरून. १०२४ खणांसाठी दहा तारा. पहिल्या तारेची किंमत १, दुसरीची २, मग ४, ८, १६, ३२, अशा ५१२ पर्यंत. ज्या तारांवर १ असेल त्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे खणाचा नंबर. आपण एकक, दशक, शतक शिकवतो तेच, फक्त दहाऐवजी दोनने वाढणारं.

माझ्या कागदावर दोन गोष्टी दिसल्या. एक, भुलभुलैयातले स्तंभ जोडीजोडीने सारखे होते. पहिला आणि दुसरा एकच, तिसरा आणि चौथा एकच, असं शेवटपर्यंत. दोन, सर्वांत वरच्या ओळीत 'हाय स्कोअर' अशी इंग्रजी अक्षरं असतात आणि त्याखालच्या ओळीत गुणांचे आकडे. मला दोन्ही ओळींत आकडेच दिसत होते.

रात्री मामाच्या ओसरीवर बसून बराच वेळ बघत राहिलो. मग लक्षात आलं. शेजारच्या दोन स्तंभांमध्ये फरक ३२ खणांचा. वरच्या दोन ओळींमध्येही फरक ३२ खणांचा. म्हणजे ३२ किमतीची तार कायम १ वर अडकलीय! ६४ नंबरचा खण हवा असला की पत्ता जातो ६४ अधिक ३२, म्हणजे ९६ चा. आणि ९६ हवा असला तर त्यात ३२ आधीच आहेत, म्हणून ९६ च मिळतो. दोन्ही वेळा एकच खण. म्हणून जोड्या.

काला वाटत होता तो काला नव्हताच. एक नियम होता. चुकीचा, पण पक्का. आणि तो नियमच सांगत होता बिघाड कुठे आहे ते.

मग त्या एका तारेच्या मागे लागलो. तारेवर ० आहे की १ की दोन्ही आलटून पालटून, हे दिव्याने दाखवणारी एक पेनासारखी वस्तू मिळते, लॉजिक प्रोब. तिने पाहिलं. प्रोसेसरकडून येणारी बाजू ठीक होती. वाटेतली एक साधी चिप संशय म्हणून बदलली, काही फरक नाही. तार कुठे तुटली नव्हती. शेवटी पत्ता काढणारी कस्टम चिप सॉकेटमधून काढली, पाय साफ केले, परत बसवली. फरक नाही. चिप स्वतःच गेली होती. तिचा एक पाय बोलत होता, पण नेहमी एकच शब्द.

सुट्टी संपली. मामाला म्हटलं, "बिघाड सापडला, पण चिप मिळणार नाही." मामा म्हणाला, "मग सापडून काय उपयोग?"

वजाबाकीची वही

शाळा सुरू झाली. दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच आठवड्यात वह्यांचा गठ्ठा घरी आणला. त्यात एका मुलाची वही होती. नाव सांगत नाही. हा मुलगा बोलायला चुणचुणीत, पण गणितात सारखा चुकायचा. कधी बरोबर, कधी चूक, मला त्यात काही सूत्रच दिसत नव्हतं. पहिल्या सत्राच्या वर्णनात्मक नोंदीत मी त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'निष्काळजी. लक्ष देत नाही.' वर्गातही दोन-तीनदा सगळ्यांसमोर बोललो होतो. दिवाळीआधी त्याच्या आईने सांगितलं होतं की गणिताच्या तासाच्या दिवशी सकाळी याचं पोट दुखतं. मी म्हणालो होतो, "नाटकं असतील."

त्या रात्री सवयीने लाल पेन हातात घेतला आणि पहिली फुली मारणार, तेवढ्यात थांबलो. आलेखाचा कागद डोळ्यांसमोर आला. फुली न मारता मी नुसती त्याची उत्तरं एका कागदावर उतरवली.

६४ − २१ = ४३
५२ − ३८ = २६
८६ − ३२ = ५४
७१ − ४५ = ३४
८३ − ५७ = ३४
९० − २७ = ७७

पहिलं बरोबर, तिसरं बरोबर, बाकी चूक. तुम्हीही एक मिनिट थांबून बघा.

५२ − ३८ मध्ये त्याने ८ मधून २ काढले, ६ राहिले. ५ मधून ३ काढले, २ राहिले. २६. पुढे ७१ − ४५. ५ मधून १, चार. ७ मधून ४, तीन. ३४. शेवटच्या गणितात ७ मधून शून्य, सात. ९ मधून २, सात. ७७. प्रत्येक घरात जो अंक मोठा, त्यातून लहान वजा. वरचा कोणता, खालचा कोणता, हा प्रश्नच नाही. जिथे वरचे अंक मोठे होते तिथे उत्तर आपोआप बरोबर येत होतं. म्हणून मला कधी बरोबर, कधी चूक असं दिसत होतं.

सहा गणितं, एक नियम, एकदाही न चुकता पाळलेला. निष्काळजी मुलाला हे जमेल का?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवलं. म्हटलं, "हे कसं केलंस ते मला सांग. चूक-बरोबर काही बोलणार नाही." तो आधी माझ्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, मोठ्यातून लहान वजा करायचं असतं ना. तुम्हीच सांगितलं होतं."

मी खरंच सांगितलं होतं. तो दुसरीत होता तेव्हा, बिनहातच्याची वजाबाकी शिकवताना. "नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची." मी 'संख्या' म्हणालो, त्याने 'अंक' ऐकलं. आणि तेव्हापासून दीड वर्ष तो माझंच वाक्य प्रामाणिकपणे पाळत होता. लक्ष देत नव्हतो तो मी.

डुप्लिकेट बोर्ड

इकडे मामाचं काय झालं ते सांगतो. एका रविवारी त्याचा फोन आला. "अरे, माझ्याकडे आणखी एक पॅक-मॅनचा बोर्ड होता. डुप्लिकेट. ट्रंकेत असेल बघ."

होता. अर्धा गंजलेला, बऱ्याच चिप काढून नेलेल्या. पण जिथे २८४ आणि २८५ असायला हव्यात, त्या सॉकेटमध्ये दोन छोटी कार्डं उभी होती. त्यांच्यावर सगळ्या साध्या, नंबरवाल्या चिप.

त्या काळात पॅक-मॅनच्या भरपूर अनधिकृत नकला निघाल्या होत्या. नक्कल करणाऱ्यांना गेमचा प्रोग्रॅम उतरवून घेणं सोपं होतं. ते म्हणजे शेजारच्याच्या पाटीवरचं बघून लिहिणं. पण कस्टम चिप अशी उतरवता येत नव्हती. ती काय करते हे समजून घ्यावं लागायचं. या पायांवर हे दिलं तर त्या पायांवर काय येतं, याचा तक्ता मांडायचा आणि मग तेच काम करणारी साध्या चिपची जोडणी करायची. त्यांचा धंदा बेकायदेशीर होता, ते मी काही चांगलं म्हणत नाही. पण आज जे लोक हे जुने बोर्ड जिवंत ठेवू बघतात त्यांना ही कार्डं उपयोगी पडतात, कारण त्यावरचा प्रत्येक भाग अजून मिळतो. मूळ बोर्ड दुरुस्त करणं अवघड आणि नक्कल दुरुस्त करणं सोपं, असा उलटा प्रकार.

पत्ता काढणाऱ्या चिपच्या जागेवरचं कार्ड काढून मूळ बोर्डात बसवलं. भुलभुलैया लागला! दोन मिनिटं. मग कार्डावरची एक चिप चटका बसेल इतकी तापली आणि चित्र गेलं. पण माझं निदान बरोबर होतं, एवढं कळलं.

पुढचे पाच रविवार मी त्या कार्डाची कोणती चिप कुठे जोडलीय ते मल्टिमीटरने तपासून कागदावर उतरवत बसलो. माझा एक जुना विद्यार्थी आता इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय. तो म्हणाला, "सर, आता एवढं करत नाहीत. सीपीएलडी नावाची चिप येते, कोरी पाटीच समजा. काय काम करायचं ते संगणकावर लिहायचं आणि तिच्यात भरायचं. एक चिप सगळ्या कार्डाचं काम करते." खरं आहे ते, आज बरेच जण तसंच करतात. पण मला ते साध्या चिपने, तारा जोडून करायचं होतं, कारण तसं मला प्रत्येक पायरी समजत होती. त्याने नव्या चिप आणून दिल्या आणि सोल्डरिंग शिकवलं. पंधरा वर्षांपूर्वी मी त्याला पेन्सिल कशी धरायची ते शिकवलं होतं, आता तो मला सोल्डरिंग गन कशी धरायची ते सांगत होता.

पहिल्यांदा लावलं तेव्हा प्रत्येक चार स्तंभांत मधले दोन एकमेकांच्या जागी गेले होते. पूर्वी मी घाबरलो असतो. आता कागद घेतला, नंबर टाकले. ३२ ची आणि ६४ ची तार मी उलटसुलट जोडली होती. चूक बघूनच जागा सापडली.

प्रत्येक चिप अशी सापडत नाही

ही एक बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर सगळं फार सोपं वाटेल. बाहेरून प्रश्न विचारून आतलं ओळखणं कधी जमतं? चिपला आधीचं काही आठवत नसेल तेव्हा. दहा पायांवर प्रश्न द्यायचे असतील तर १०२४ प्रकार होतात, सोळा पायांवर ६५,५३६. यंत्राने ते सगळे विचारून तक्ता करता येतो. पण काही चिपना स्मरण असतं. तोच प्रश्न, पण आधी काय घडलं त्याप्रमाणे उत्तर वेगळं. मधल्या सुट्टीत खिचडी खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर आपला वर्ग वेगळं उत्तर देतो, तसं.

नामकोच्याच १९८१ च्या गॅलागा या गेममध्ये तीन झेड-८० प्रोसेसर आहेत आणि काही कस्टम चिप तर स्वतःच छोटे प्रोसेसर आहेत, प्रोग्रॅम आतच कोरलेला. अशा चिप समजून घ्यायला जाणकार लोक त्यांचं कवच आम्लाने उघडतात, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढतात आणि एकेक जोडणी वाचतात. कॅपकॉमने १९९३ मध्ये आणलेल्या सीपीएस-२ बोर्डांत तर गेम सांकेतिक भाषेत असतो आणि तो उलगडायची किल्ली एका बॅटरीवर टिकून असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. लोक त्याला 'आत्महत्या करणारी बॅटरी' म्हणतात. ते कोडं अभ्यासकांनी २००७ मध्ये सोडवलं आणि २०१६ मध्ये ती किल्ली मेलेल्या बोर्डात पुन्हा भरण्याची रीत सापडली. म्हणजे १९९३ पासून मोजलं तर तेवीस वर्षं लागली. आपला 'मुस्तफा'ही यातून सुटलेला नाही. त्याच्या मूळ बोर्डात आवाजाच्या प्रोसेसरची किल्ली अशीच बॅटरीवर असते.

मुलंही बहुतेक वेळा अशीच, स्मरण असलेली. घरी काय झालं, काल मी काय बोललो, हे सगळं त्यांच्या उत्तरात उतरतं. त्यामुळे सहा गणितांत मला सूत्र सापडलं हे माझं नशीब. दर वेळी सापडेलच असं नाही. पण शोधायच्या आधी 'निष्काळजी' लिहून मोकळं व्हायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

वर्गात मी काय बदललं

मित्रांनो, तुम्हाला उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी सांगतो.

पहिली. मूल वारंवार चुकत असेल तर एकदा तरी लाल पेन बाजूला ठेवून, फक्त प्रश्न आणि त्याची उत्तरं एका कागदावर उतरवायची. पाच-सहा पुरतात, पण गणितं निवडून द्यावीत. काही हातच्याची, काही बिनहातच्याची, एखादं शून्याचं. मग नियम शोधायचा.

दुसरी. 'हे असं का केलंस?' असं विचारलं की मूल गप्प होतं, कारण त्यात रागवणं ऐकू येतं. 'कसं केलंस ते मला शिकव' म्हटलं की बोलतं.

तिसरी. आम्ही वर्गात 'यंत्राचा खेळ' सुरू केलाय. एक पुठ्ठ्याचं खोकं, दोन्हीकडे फट. आत एक मूल बसतं आणि मनात एक नियम धरतं. बाहेरून चिठ्ठीवर संख्या टाकायची, दुसऱ्या फटीतून उत्तर येतं. ३ टाकले, ७ आले. ५ टाकले, ११ आले. १० टाकले, २१ आले. नियम ओळखा! दुप्पट करून एक मिळवायचा. मुलं या खेळासाठी भांडतात. आणि आतल्या मुलाने एखादं उत्तर चुकवलं की बाकीची ओरडतात, "सर, यंत्राची एक तार अडकली!"

त्या मुलाला मी काड्यांचे गठ्ठे देऊन पुन्हा सुरुवातीपासून शिकवलं. ५२ म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. ३८ द्यायच्यात, दोन सुट्यांतून आठ देता येत नाहीत, मग एक गठ्ठा सोडायचा. जुना नियम सहज जात नाही. महिनाभर तो मधेच परत येत होता. अजूनही ९० − २७ सारखं शून्याचं गणित आलं की तो थांबतो, माझ्याकडे बघतो. पण आता सकाळी पोट दुखत नाही, असं त्याची आई सांगते. तिची मी माफी मागितली. त्याचीही, वर्गासमोर, कारण बोललोही वर्गासमोरच होतो. दुसऱ्या सत्राच्या नोंदीत लिहिलं, 'समजलेला नियम शेवटपर्यंत नेटाने पाळतो. हातच्याची वजाबाकी सरावाने जमू लागली आहे.' पहिला शेराही खोडून त्याशेजारी कारण लिहिलं आणि सही केली.

मामाकडे खोकं आता ओसरीवर आहे. तो रोज सकाळी अर्धा तास खेळतो. उजवा हात दांडीवर, तो सरकतो तेव्हा डाव्या हाताने परत ठेवतो. भुतं त्याला लवकर गाठतात, मग माझ्या नावाने ओरडतो. मागच्या रविवारी विचारलं, "गुरुजी, आता आतली ती चिप खरी नाही ना? तुझीच ना?" म्हटलं, "हो मामा, पण काम तेच करते."

"मग झालं तर," म्हणाला आणि पुढचं नाणं टाकलं. नाणं एक रुपयाचंच, दुकानातलं, त्याने जपून ठेवलेलं. खालच्या डब्यातून काढतो आणि परत टाकतो.

तुमच्याही वर्गात असं एखादं मूल असेल. उद्या त्याची वही एकदा कोऱ्या कागदावर उतरवून बघा.